सांगलीतलं रुग्णोपयोगी साहित्य केंद्र – वीस वर्षांचा अनुभव (मोठा आहे, पण घरात कुणी आजारी असेल तर वाचा)

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते. परवा भाचीच्या सासूबाई बाथरूममध्ये पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आणि भाचीचा फोन आला की मावशी, पेशंट बेड ऑनलाइन मागवतेय, कुठला चांगला? मी म्हटलं थांब गं, आत्ता एक रुपयासुद्धा खर्च करू नकोस, आधी केंद्रात जा. तिला ठाऊकच नव्हतं असलं काही असतं म्हणून. सांगलीत जन्मली, सांगलीत वाढली, तरी ठाऊक नव्हतं. म्हणून आता नीटच लिहिते.

तर ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. आपल्याकडे बऱ्याच गावांत कुठल्या तरी ट्रस्टचं, ज्येष्ठ नागरिक संघाचं नाहीतर एखाद्या मंडळाचं रुग्णोपयोगी साहित्य केंद्र असतं. तिथं पेशंटचा बेड, एअर बेड, व्हीलचेअर, वॉकर, कमोड चेअर, कुबड्या, सक्शन मशीन (घशातला कफ ओढून काढायचं), ऑक्सिजनचं मशीन असं सगळं डिपॉझिट भरून नेता येतं, महिन्याला थोडंसं भाडं द्यायचं आणि काम झालं की वस्तू परत द्यायची, डिपॉझिट परत घ्यायचं. मी ज्या केंद्राबद्दल लिहितेय ते विश्रामबागच्या बाजूला आहे. नाव मुद्दाम लिहीत नाही कारण तिथल्या काकांनीच सांगितलंय की ताई नाव टाकू नका, वस्तू मोजक्या आहेत, लांबून लोक येतात आणि हात हलवत परत जातात ते बघवत नाही. सांगली-मिरजेतल्या कुठल्याही मेडिकलवाल्याला विचारा, सांगतील.

आणखी एक आधीच सांगते. गेली काही वर्षं मी त्या केंद्राचा फोन घेते, आठवड्यातून दोन संध्याकाळी. म्हणजे आता मी तिथलीच झालेय. पण पहिली सतरा-अठरा वर्षं मी तिथं गरजू म्हणूनच गेले होते, तेच लिहितेय, आणि ज्या गोष्टी खटकल्या त्याही लिहिणार आहे.

पहिल्यांदा गेले ते २००३ मध्ये, सासूबाईंसाठी. त्यांचंही खुब्याचंच मोडलं होतं. इथं जरा मागचं सांगायला पाहिजे, नाहीतर कळायचं नाही की त्यांच्यासाठी माझा जीव एवढा का तुटत होता.

मी १९८५ साली टेलिफोन ऑपरेटर म्हणून लागले, सांगली एक्स्चेंजला. वय एकवीस. नुकतंच पोस्ट आणि टेलिकॉम वेगळं झालं होतं. आजच्या पोरांना सांगून खरं वाटत नाही पण तेव्हा पुण्याला फोन करायचा तर आधी १८० फिरवून आमच्याकडे बुक करायला लागायचा, आम्ही तिकीट लिहायचो, कुणाला पाहिजे, कुठला नंबर, ऑर्डिनरी का अर्जंट का लाइटनिंग. अर्जंटला दुप्पट पैसे आणि लाइटनिंगला आठपट, त्यामुळे लाइटनिंग तिकीट आलं की बहुतेक वेळा कुणीतरी गेलेलं असायचं नाहीतर जायच्या वाटेवर असायचं. कानाला हेडसेट, समोर बोर्ड, हातात कॉर्ड, आणि पलीकडच्या गावच्या ऑपरेटरला हाक मारायची ती गावाच्याच नावानं. हॅलो कराड, हॅलो सातारा. नावं कुणाला माहीत नसायची. आम्ही म्हणजे आमचं गाव.

पंढरपूरच्या बोर्डावर एक आवाज होता. संध्याकाळच्या ड्युटीला माझी शेवटची तासभर वेळ आणि त्यांच्या नाइट ड्युटीची सुरुवात अशी गाठ पडायची. "हॅलो सांगली, पंढरपूर बोलतोय." एवढंच. पण ते सांगली म्हणताना पहिल्या अक्षरावर किंचित थांबायचे, आणि लाइन कितीही खराब असली, कितीही घरघर असली तरी कधी चिडायचे नाहीत. आषाढीच्या दिवसांत पंढरपूरची लाइन मिळणं म्हणजे दिव्यच, सगळा महाराष्ट्र तिथं लोटलेला, घरची माणसं काळजीत, आणि हा माणूस प्रत्येकाला नीट उत्तर देतोय. आठ महिने मी त्यांना पंढरपूर म्हणत होते आणि ते मला सांगली. खरं नाव विचारलं ते त्यानंतर. १९८७ मध्ये ते भेटायला आले, तेव्हा मिरज-पंढरपूर छोटी गाडी होती, नॅरोगेज, बार्शी लाइट म्हणायचे लोक, ती सांगोला, कवठेमहांकाळ करत करत मिरजेला यायची. मी मैत्रिणीला घेऊन स्टेशनवर उभी. चेहरा कुणाचा कुणाला ठाऊक नाही. मागून आवाज आला, हॅलो सांगली. बस.

जात वेगळी होती. माझ्या वडलांनी दोन वर्षं माझं तोंड बघितलं नाही. सासूबाई मात्र, ज्या आयुष्यभर पंढरपुरात राहिलेल्या, दोन यत्ता शिकलेल्या, त्यांनी उंबऱ्यावरच माझा हात धरला आणि म्हणाल्या, पोरगी नोकरीवाली हाय, दमून आली असंल, आधी पाणी द्या तिला. ह्यांची बदली सांगलीला झाली, १९९१ ला लेक झाली, आणि सासूबाई पंढरपूरचं घर बंद करून आमच्याकडे आल्या त्या कायमच्याच. माझी शिफ्टची नोकरी, कधी सकाळी सहाला निघा कधी रात्री साडेनऊला घरी या, तान्हं बाळ घरात, हे त्या नसत्या तर झेपलंच नसतं. लेकीला त्यांनी वाढवलं. माझी नोकरी टिकली ती त्यांच्या जिवावर.

तर २००३. ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी सांगितलं उकिडवं बसायचं नाही, खाली बसायचं नाही, मांडी घालायची नाही. आणि घरात भारतीय संडास. सासूबाई दोन दिवस जेवेनातच, का तर संडासला जायला लागेल म्हणून. तेव्हा ऑफिसातल्या एकीनं मला केंद्राचा पत्ता दिला. मी गेले, कमोड चेअर मागितली. मला वाटलं खुर्ची देतील, पावती देतील, जा म्हणतील. तिथले काका (एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले, अजून आहेत, ऐंशीच्या पुढचे आहेत) मला विचारतात, पेशंटची उंची किती? बसल्यावर गुडघ्यापासून टाचेपर्यंत किती? मला कुठं माहीत. म्हणाले घरी जा, टेपनं मोजून या, कारण बसल्यावर गुडघे कमरेच्या वर गेले तर नवीन बसवलेला खुबा निसटू शकतो. मग त्यांनी खुर्चीचे चारही पाय माझ्यासमोर वाढवून दिले, खालची रबरं झिजली होती ती नवीन घातली, हलवून बघितली, आणि मगच दिली. डिपॉझिट ३०० रुपये आणि भाडं महिन्याला १५.

सासूबाई त्या खुर्चीला खुर्ची म्हणायच्या नाहीत. "माझी पालखी आण गं" म्हणायच्या. पुढं तीन वर्षं जगल्या, ती पालखी शेवटपर्यंत लागली.

आता २०१९. ह्यांची रिटायरमेंट मे महिनाअखेरीला झाली. ठरवलं होतं की आता वारीला चालत जायचं, पण पावसानं आणि गुडघ्यानं पहिलंच वर्ष हुकलं, म्हटलं पुढच्या वर्षी. आषाढीच्या दोन-तीन दिवस आधी सकाळी चहाचा कप ह्यांच्या उजव्या हातातून सुटला. मला वाटलं घसरला. वर बघितलं तर तोंड एका बाजूला, आणि बोलायला बघताहेत पण शब्द निघेना. अर्धांगाचा झटका. लगेच मिरजेला नेलं, साडेचार तासांच्या आत रक्ताची गाठ विरघळवायचं इंजेक्शन देता येतं ते मिळालं, जीव वाचला, पण उजवी बाजू आणि बोलणं गेलं. डॉक्टर म्हणाले समजतं सगळं, पण शब्द बाहेर येत नाहीत, मेंदूच्या डाव्या बाजूला बोलण्याचं केंद्र असतं तिथं मार बसलाय. ज्या माणसाचा मी आधी फक्त आवाज ओळखत होते त्याचाच आवाज गेला. ह्यावर जास्त लिहीत नाही, लिहवत नाही.

दोन आठवड्यांनी घरी सोडलं. नाकात नळी, लघवीची पिशवी, आणि माझ्या हातात एक कागद, दर दोन तासांनी कूस बदला. डिस्चार्जच्या आदल्या दिवशी भीतीपोटी मी एका भाड्यानं सामान देणाऱ्या दुकानात गेले होते, त्यांनी तीन महिन्यांचे पैसे आगाऊ मागितले आणि बेडची मागची फळी वर केली की आपोआप खाली यायची. विचारलं तर म्हणे उशी लावा. तिथून मी सरळ केंद्रात गेले, सोळा वर्षांनी. काका तेच. रजिस्टर लिहिणाऱ्या वहिनी नवीन होत्या. काकांनी मला ओळखलं नाही पण मी कमोड चेअरची आणि पालखीची गोष्ट सांगितल्यावर लगेच म्हणाले, पंढरपूरच्या आजी!

बेड मिळाला, १४ नंबरचा, फाउलर, म्हणजे डोक्याकडची आणि गुडघ्याकडची बाजू हँडलनं वर-खाली होते तो. डिपॉझिट ३०००, भाडं महिना २५०. आणि इथंच मला ह्या केंद्राचं सगळ्यात जास्त कौतुक वाटतं, ते सांगते. सामान टेम्पोतून आलं, त्याच्यामागून काका स्कूटरवरून आले. बेड जोडून झाल्यावर चप्पल काढून स्वतः त्या बेडवर आडवे झाले आणि मला म्हणाले, आता मी पेशंट. माझी उजवी बाजू लुळी आहे. मला कुशीवर वळवा. मी त्यांचा उजवा हात धरून ओढायला गेले तर ओरडलेच, हात नाही! हात कधीच ओढायचा नाही, लुळा खांदा निसटतो, मग पेशंट रात्रभर कण्हतो आणि सांगूही शकत नाही. एक हात खांद्याच्या पाठीमागं, एक कमरेला, गुडघा आधी दुमडून घ्यायचा आणि आपल्याकडे लाटायचं, पोळी लाटतो तसं अलगद. अंगाखाली आडवी चादर कायम घालून ठेवायची, दोघांनी दोन बाजूंनी ती धरून पेशंट वर सरकवायचा, घासत न्यायचा नाही, कारण घासलं की कातडी जाते. पाठीला तिरकी उशी, दोन गुडघ्यांच्या मध्ये उशी, पिंढरीखाली उशी म्हणजे टाच अधांतरी राहते. माझ्या बहिणीकडून आणि माझ्याकडून त्यांनी हे चार-चार वेळा करून घेतलं. पंच्याहत्तरीचा माणूस, आम्ही दोघी बायका त्यांना बेडवर इकडून तिकडे वळवतोय आणि हे शेजारच्या खाटेवरून बघताहेत. त्या दिवशी ह्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा काहीतरी हसल्यासारखं दिसलं, अर्ध्या बाजूनं.

एअर बेड मात्र लगेच मिळाला नाही. केंद्रात तेव्हा तीनच होते, तिन्ही बाहेर. चार दिवस थांबावं लागलं, ते चार दिवस मी आणि बहीण मोबाइलला गजर लावून दोन-दोन तासांनी उठत होतो, तिसऱ्या रात्री मी उभ्या उभ्या झोपले होते. एअर बेडबद्दल एक सांगते, लोकांचा गैरसमज असतो की तो घातला की कूस बदलायची गरज नाही. तसं नाही. त्यातल्या फुगवट्या आलटून पालटून भरतात आणि रिकाम्या होतात, त्यामुळे एकाच जागी दाब राहत नाही, पण कूस तरीही बदलायचीच. वर जाड गादी नाहीतर गोधडी घालायची नाही, एकच पातळ चादर. सेफ्टी पिन जवळपास ठेवायची नाही. आणि अधूनमधून पेशंटच्या कमरेखाली, गादीच्या खालून हात घालून बघायचं, हाताला पेशंटचं हाड लागलं तर हवा कमी आहे. पंप रात्रभर घुंघुं करतो, त्याची सवय होते, उलट लाइट गेली आणि तो थांबला की मला जाग यायची. ह्यांना एकही जखम झाली नाही. इतक्या महिन्यांत एकही नाही.

आणि घरी येऊन दहा-बारा दिवस होतायत तोवर पूर. ऑगस्ट २०१९, सांगलीकरांना वेगळं सांगायला नको. आमचं घर गावभागात, तळमजल्यावर. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ ४५ फुटाला धोक्याची पातळी आणि रोज आकडा चढतोय. ५ तारखेला दुपारी मी केंद्रात फोन केला की पेशंट हलवायचाय पण बेडचं काय करू, बहीण विश्रामबागला राहते, तिच्याकडे साधी खाट आहे, नाकात नळी असल्यामुळे ह्यांना डोकं वर करूनच भरवावं लागतं आणि भरवल्यावर अर्धा तास तसंच बसवायला लागतं, नाहीतर अन्न छातीत जायची भीती. काका म्हणाले बेड तिथंच सोडा, एअर बेडचा पंप तेवढा काढून घ्या, पेशंट हलवा, दुसरा बेड मी बहिणीकडे पाठवतो. संध्याकाळी आम्ही पोचायच्या आधी बेड तिथं जोडून तयार होता. पाणी ५७ फुटांवर गेलं. आमच्या घरात छातीएवढं. आठवड्यानं आत शिरलो तेव्हा सगळीकडे चिखल, लेकीची लहानपणीची पुस्तकं, सासूबाईंची पोथी, सगळं गेलेलं, आणि मध्येच १४ नंबरचा बेड उभा, चिखलानं माखलेला, हँडल फिरत नव्हतं.

मी पूर्ण किंमत भरायला गेले. खरंच पैसे घेऊन गेले होते, पुरात माझ्या ताब्यातली वस्तू खराब झाली होती. काका म्हणाले, "ताई, कोयनेचं पाणी तुम्ही सोडलं होतं का?" एवढंच. बेड टेम्पोत घालून नेला, गंज घासला, रंग दिला. मी नंतर थोडी देणगी दिली ती वेगळी, पण त्यांनी मागितली नाही.

पुढचं जरा भराभर सांगते. ब्युरोची बाई ठेवून बघितली, एक महिना, नीट जमलं नाही. लेक पुण्याहून दर शनिवारी यायची. मी रजेवर, रजा संपत आलेली. नोव्हेंबरात आमच्या बीएसएनएलची व्हीआरएस, म्हणजे स्वेच्छानिवृत्ती, आली, ४ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर एवढाच फॉर्म भरायचा काळ. माझी ३४ वर्षं झाली होती, चारेक वर्षं राहिली होती. मला माझी नोकरी फार आवडायची. बोर्ड बंद झाला, एसटीडी आली, म्हणजे लोक आपले आपण बाहेरगावचा नंबर फिरवायला लागले, मग १९७ वर, लोकांना फोन नंबर शोधून सांगायला बसले, मग कस्टमर काउंटर, बिलं, ब्रॉडबँडच्या तक्रारी, सगळं केलं, कधी कंटाळा आला नाही. त्यामुळे फॉर्म समोर ठेवून मी पंधरा दिवस नुसती बघत होते.

तेव्हा नाकातली नळी निघाली होती, केंद्रातून चाकाची बाथ चेअर आणली होती, म्हणजे कमोडला चाकं असतात तसली, ती थेट बाथरूममध्ये जाते. एका सकाळी मी ह्यांना अंघोळ घालत होते, डोक्यावर साबण, डोळे मिटलेले, आणि हॉलमधली लँडलाइन वाजली. दोनदा ट्रिंग ट्रिंग झालं आणि हे म्हणाले, "हॅलो सांगली."

स्पष्ट. पहिल्या अक्षरावर थोडं थांबून.

माझ्या हातातला तांब्या तसाच. मी म्हटलं काय म्हणालात, परत म्हणा. तर नाही आलं. तोंड हलवलं, अडकले, रडले. दुसऱ्या दिवशी स्पीच थेरपिस्टना सांगितलं तर त्या म्हणाल्या असं होतं, जे शब्द आयुष्यभर सवयीनं आपोआप म्हटलेले असतात, आकडे, आरत्या, हॅलो, ते वेगळ्या वाटेनं बाहेर येतात, ठरवून बोलायला गेलं की अडतात. त्याच वाटेनं काम करायचं, म्हणाल्या. अभंग म्हणून घ्या, एक ते दहा म्हणून घ्या. मग मी दुसऱ्या खोलीतून मोबाइलनं घरचाच लँडलाइन वाजवायला लागले. रोज सकाळी. कधी यायचं, कधी नाही. त्या आठवड्यात मी फॉर्म भरला. देशभरातून ७८ हजारांच्या वर लोकांनी ती व्हीआरएस घेतली, ३१ जानेवारी २०२० ला एकदमच सगळे घरी. लोक अजून मला म्हणतात बिचारीला नवऱ्यासाठी नोकरी सोडावी लागली. मला ते बिचारी आवडत नाही. तो आवाज परत येताना मला तिथं हजर राहायचं होतं, म्हणून सोडली.

आणि मग कोरोना. २०२० कसंबसं गेलं, पण २०२१ च्या एप्रिल-मे मध्ये केंद्राचा फोन थांबेना. ऑक्सिजनची मशीनं, म्हणजे कॉन्सन्ट्रेटर, मोजकेच, मागणारे शेकडो, काका आणि वहिनी दोघंही साठी ओलांडलेले, केंद्रात बसणं धोक्याचं. मी म्हटलं केंद्राचा नंबर माझ्या घरच्या फोनवर फॉरवर्ड करा, मी घेते. ह्यांच्या बेडशेजारी टेबल मांडलं. वही घेतली. पहिल्याच दिवशी कळलं की येईल त्या क्रमानं यादी केली तर चालणार नाही, म्हणून मी पानावर तीन रकाने पाडले, ऑर्डिनरी, अर्जंट, लाइटनिंग. ऑक्सिजन ९३-९४ आहे, डॉक्टर घरीच बघताहेत, तो ऑर्डिनरी. ९० च्या आसपास उतरतोय, दवाखान्यात बेड शोधताहेत, तो अर्जंट. त्याच्याही खाली आणि कुठंच बेड मिळत नाही, तो लाइटनिंग. प्रत्येकाला आधी सांगायचं, हे पाच लिटरचं मशीन आहे, हे दवाखान्याला पर्याय नाही, बेड शोधणं थांबवू नका. कुठलं मशीन कुठून सुटतंय, कोण मोकळं करतंय, त्याचा पुढचा नंबर कुणाचा, गाडी कुणाची, हे रात्रंदिवस. कधी मशीन मोकळं झाल्याचा फोन यायचा आणि आवाजावरून कळायचं की माणूस बरा होऊन मोकळं झालेलं नाही. त्यांना आधी दोन शब्द बोलायचे आणि मग तरी विचारायचंच, मशीन कधी नेऊ. एका मुलानं वडील गेले त्याच संध्याकाळी स्वतःच्या गाडीवर मशीन पुढच्या घरी पोचवलं. मी त्याला अजून विसरले नाही.

त्या दोन महिन्यांत ह्यांचे शब्द सगळ्यात जास्त वाढले. मी फोनवर बोलत असायचे आणि हे वहीवर डावं बोट ठेवून "अर्जंट" म्हणायचे. लाइटनिंग त्यांना जमायचं नाही, "लायटी" म्हणायचे. पण रकाना बरोबर दाखवायचे.

आता खटकलेल्या गोष्टी, सांगते म्हटलं होतं.

वेळ फार गैरसोयीची आहे, संध्याकाळी साडेपाच ते आठ, रविवारी बंद. डिस्चार्ज बहुतेक दुपारी मिळतो, तेव्हा आदल्या संध्याकाळीच व्यवस्था करून ठेवावी लागते. सक्शन मशीन एकच आहे आणि त्याचा आवाज मिक्सरसारखा येतो. व्हीलचेअर बऱ्याच आहेत पण दोन-तीनच रुंद आहेत, जाड पेशंटसाठी आधी विचारा. हातांनी ब्रेक लावून, दोन्ही चाकं ढकलून बघितल्याशिवाय घेऊ नका. टेम्पो आपला आपण करायचा, जिन्यावरून बेड चढवायला माणसं आपली. एअर बेडला अजूनही थांबावं लागतं. आणि सगळ्यात मोठी तक्रार केंद्राची नाहीच, नेणाऱ्यांची आहे. वॉकर नेतात, पेशंट बरा होतो, वॉकर माळ्यावर. तीन-तीन वर्षं. भाडं इतकं कमी आहे की कुणाला काही वाटतच नाही. मी फोन करते तेव्हा म्हणतात अहो काकू देऊ की, घाई काय आहे. घाई ही आहे की आत्ता ह्या मिनिटाला कुणीतरी स्ट्रेचरवर आहे आणि घरी त्याची मुलगी जमिनीवर गाद्यांची चळत रचून डोकं उंच करायला बघतेय. मी पण हेच करत होते. प्लीज परत करा.

हे आता काठीवर चालतात, खाली चार पाय असलेली काठी, डाव्या हातात. घरातल्या घरात वॉकरही लागत नाही. अभंग पूर्ण म्हणतात, बोलताना तीन-चार शब्दांचं वाक्य होतं. मी फोनला जाते त्या दोन संध्याकाळी ते पण येतात आणि डाव्या हातानं चाकांना तेल घालतात, काका बोल्ट पिळतात. आमची शेवटची वस्तू, बाथ चेअर, गेल्या वर्षी परत केली. वहिनींनी रजिस्टरमधलं पान काढलं, डिपॉझिट मोजून दिलं, सही घेतली.

जाताना काय न्यायचं : पेशंटचं डॉक्टरांचं पत्र नाहीतर डिस्चार्ज कार्ड, आपलं आधार कार्ड, सांगलीतल्या कुणा ओळखीच्याचा फोन नंबर, डिपॉझिट रोख. पेशंटचं वजन आणि उंची विचारतील, आणि खोलीच्या दाराची रुंदी टेपनं मोजून न्या, बेडचे भाग सुटे होतात पण व्हीलचेअर अडकते. शिकवायला येता का म्हणून नक्की विचारा, काका आता स्वतः सगळीकडे जाऊ शकत नाहीत पण मंगळवारी केंद्रातच बेडवर करून दाखवतात, घरातल्या दोघांनी तरी या.

भाचीच्या सासूबाईंना बेड मिळाला, काल जोडून झाला. १४ नंबरचाच आलाय. तिला सांगितलंय तेच तुम्हालाही सांगते, तो बेड मिळाला तर पायाकडचं हँडल पहिल्या दोन फेऱ्यांना जरा जोर लावून फिरवा, पुराचा गाळ आत बसलाय, कितीही धुतला तरी पूर्ण निघाला नाही. तिसऱ्या फेरीपासून हलकं फिरतं.